तयार हौद घ्यावा की बांधावा? फायबरग्लासचा नफा-तोटा

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी मंडळींत एक नवा जोडधंदा रुजला आहे. कर्जत, खोपोली, अलिबाग किंवा वाड्याच्या बाजूला ज्यांची थोडीफार जमीन आहे, ते तिथे तीन-चार खोल्यांचे घर बांधतात आणि शनिवार-रविवारसाठी मुंबई-ठाण्याच्या कुटुंबांना भाड्याने देतात. भाडेकऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न खोल्यांचा नसतो आणि जेवणाचाही नसतो. तो विचारतो, "स्विमिंग पूल आहे का?" नाही म्हटले की फोन बंद. ज्या घरांतल्या बायका-मुली सार्वजनिक तलावावर जात नाहीत, अशी कुटुंबे तर चार भिंतींच्या आतला पूल असेल तरच येतात.

आम्ही तिघे भाऊ भिवंडीत कापडाचा व्यापार करतो. मरहूम वालिदसाहेबांनी कर्जत तालुक्यात घेतलेली जमीन बरीच वर्षे नुसती पडून होती. कापडात मंदी आली तेव्हा या जमिनीतून चार पैसे यावेत असे ठरले. २०१८ साली घर उभे राहिले आणि प्रश्न आला पुलाचा. सिमेंट-काँक्रीटचा हौद बांधून घ्यावा, की कारखान्यात तयार झालेला फायबरग्लासचा हौद आणून जमिनीत बसवावा? आम्ही तयार हौद घेतला. त्यात काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत. आमचे नुकसान होऊन गेले आहे. दुसऱ्याचे होऊ नये, एवढाच हेतू.

हा माल आहे तरी काय?

फायबरग्लास हे नाव ऐकून पुष्कळांना प्लास्टिकची टाकी आठवते. प्रत्यक्षात हा माल आपल्या कापडधंद्याचा लांबचा भाऊबंद आहे. काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढतात. त्या तंतूंची विणलेली जाड कापडे असतात, त्यांत ताणा-बाणा आपल्या कापडासारखाच. तंतू कापून, पसरून केलेल्या चटयाही असतात. हौदाच्या आकाराचा साचा असतो. त्यावर प्रथम रंगीत थर देतात, त्याला जेलकोट म्हणतात. हाच थर पुढे पाण्याच्या बाजूला येतो आणि आपल्याला दिसतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या मागे राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, भिजवलेल्या काचेच्या चटया आणि कापडे एकावर एक बसवितात. सगळे सुकून कडक झाले की साच्यातून अखंड हौद निघतो.

म्हणजे जेलकोट हे फिनिशिंग, काच हे सूत आणि रेझिन ही खळ. कापडवाल्याला ठाऊक असते की फिनिशिंग पाहून माल घेणारा फसतो. कोरे कापड घेताना आम्ही रीड-पीक मोजतो, तागा उजेडात धरतो, वजन करतो. हौद घेताना मात्र आम्ही तिघेही निळ्या रंगावर खूश झालो. त्याची पाठ वळून पाहिली नाही.

फायद्याची बाजू

पहिला फायदा वेळेचा. काँक्रीटचा हौद म्हणजे खोदकाम, सळई, ओतकाम, २८ दिवस पाणी मारणे, वॉटरप्रूफिंग आणि मग लाद्या. मजूर आणि पाऊस यांनी साथ दिली तरी दोन-तीन महिने सहज जातात. तयार हौद खड्डा खणून झाल्यावर आठ-दहा दिवसांत बसतो. आमचा नवव्या दिवशी पाण्याने भरला होता. भाड्याचा हंगाम हातचा जाऊ नये असे वाटणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा फायदा देखभालीचा. काँक्रीट आणि लाद्यांमधल्या सांधी खरखरीत असतात. त्यांत शेवाळ घर करते. शिवाय सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच वर चढतो, मग ॲसिड घालत बसावे लागते. जेलकोट गुळगुळीत असल्याने शेवाळाला धरायला जागा कमी मिळते. औषध कमी लागते आणि हात फिरवला की भिंत स्वच्छ होते. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवले की काम भागते. लादीच्या कडेने मुलांचे पाय कापतात, तेही इथे होत नाही.

तिसरा फायदा लवचिकपणाचा. जमीन थोडी खचली, हलली तर काँक्रीटला चीर जाते. फायबरग्लास थोडे वाकून घेते. ज्यांची जमीन काळी, उन्हाळ्यात फाटणारी आणि पावसाळ्यात फुगणारी आहे, त्यांना हा गुण उपयोगी आहे. अट एकच, हौदाच्या भोवती तीच काळी माती परत भरायची नाही, बारीक खडी भरायची.

तोट्याची बाजू

पहिला तोटा आकाराचा. साच्यात जे आहे तेच मिळते. जमीन वाकडी, जागा अरुंद, म्हणून हौद त्या मापाचा करून द्या, असे चालत नाही. त्यात वाहतुकीची अडचण. नियमाने मालवाहू गाडीची रुंदी २.६० मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ फूट. हौद त्याहून रुंद असला की तो कडेवर उभा करून आणावा लागतो किंवा जादा रुंदीच्या मालाची परवानगी काढावी लागते. गावातल्या विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या आणि अरुंद वळणे यांचा विचार आधीच करावा. काही कारखानदार हौद तुकड्यांत आणून जागेवर जोडतात. तो सांधा हीच पुढे गळतीची जागा ठरू शकते.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. जेलकोट उन्हाने फिका पडतो, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा येऊ शकतात. हलक्या रेझिनचा माल असेल तर पाणी आत झिरपून फोड उठतात. डाग बुजविता येतो, पण जुन्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळविणे कठीण. क्लोरीनची गोळी थेट तळावर टाकली तर तिथे पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही.

तिसरा तोटा हिशेबाचा. किंमत सांगताना दुकानदार फक्त हौदाची सांगतो. आमच्या वहीप्रमाणे हौदाच्या प्रत्येक १०० रुपयांमागे आणखी ८० रुपये भाडे, क्रेन, खोदकाम, खडी, पाइप, पंप, फिल्टर आणि कडेच्या फरशीत गेले. रेझिन पेट्रोलियमपासून बनते, त्यामुळे दर वरखाली होत असतात. म्हणून आम्ही इथे रकमा देत नाही, प्रमाण देतो.

चौथा तोटा सर्वांत मोठा. तो आम्हाला कोणी सांगितला नव्हता. खरे म्हणजे सांगितला होता, आम्ही ऐकला नव्हता.

जुलै २०१९

आमचा हौद २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल. त्यात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर थोडे. जागा आम्ही निवडली ती जमिनीच्या खालच्या अंगाला, भातखाचराच्या कडेला, कारण तिथून डोंगर छान दिसतो. खड्डा खणताना शेजारचे वयस्क शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, हितं पावसात विहीर तोंडापर्यंत येते. पाणी जमिनीतनंच वर येतं." आम्ही हसून म्हटले, "काका, आम्हाला पाणीच तर पाहिजे."

२०१९ च्या जुलैअखेर त्या भागात फार मोठा पाऊस झाला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ती याच पावसात, २७ जुलैला. खाचराचे गढूळ पाणी आमच्या हौदात शिरले. पाणी तांबडे झाले, तळाला चिखल बसला. १५ ऑगस्टच्या सुटीचे भाडे आगाऊ आले होते. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, सगळे पाणी काढून एकदा घासून घेऊ, दोन दिवसांत चकाचक." आम्ही फोनवरून राखणदाराला हुकूम दिला. त्याने मोटर लावली, हौद रिकामा केला आणि रात्र झाली म्हणून काम दुसऱ्या दिवसावर ठेवले.

सकाळी त्याचा फोन आला. "शेठ, हौद वर आलाय."

आम्हाला वाटले पाणी वर आले असेल. जाऊन पाहिले तर अख्खा हौद जमिनीतून हातभर वर उचलला गेला होता, जणू चिखलात अडकलेली होडी भरतीला सुटावी. एक बाजू जास्त वर, एक कमी. कडेची फरशी उखडून पडलेली. तळाचे पाइप तुटलेले आणि जिथे पाइप जोडले होते तिथे हाताएवढी चीर.

कारण साधे आहे आणि त्याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. रिकामा हौद म्हणजे होडी. आमच्या हौदाच्या तळाच्या वर बाहेरच्या मातीत फक्त २ फूट पाणी उभे राहिले, तरी ते हौदाला खालून ११ टनांहून अधिक जोराने वर ढकलते. हौदाचे स्वतःचे वजन एक टनही नाही. आत पाणी असते तोवर ते वजन हौदाला दाबून धरते. आपण ते वजन काढून घेतले आणि त्याला सोडून दिले. काँक्रीटचा हौदही रिकामा असताना तरंगू शकतो, पण त्याचे वजन कित्येक पटींनी जास्त असल्याने तो सहसा जागेवर राहतो. फायबरग्लासला ती सवलत नाही.

आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. त्याने शांतपणे हमीचा कागद पुढे केला. कागद इंग्रजीत होता, त्यावर आमची सही होती. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी कागद समोर आला की सही करून मोकळे व्हायची आमची जुनी खोड. घरी आणून भाचीकडून वाचून घेतला. सातव्या कलमात लिहिले होते की कंपनीच्या माणसाशिवाय हौद रिकामा केल्यास हमी संपली. आमचा तोंडी झगडा तिथेच मिटला. कापडाच्या व्यवहारात वटाव आणि मुदत दोनदा वाचल्याशिवाय आम्ही बिल उतरवीत नाही. इथे काही लाखांचा कागद न वाचता ठेवून दिला. दोष ना राखणदाराचा, ना पावसाचा. हुकूम आमचा होता. तिघा भावांत तो महिना कसा गेला ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्यांदा बसविताना

पावसाळा संपल्यावर हौद क्रेनने बाहेर काढला, चीर दुरुस्त करून घेतली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसविला. या वेळी जागा वरच्या अंगाची घेतली. डोंगर तिथून थोडा कमी दिसतो. खड्डा चारी बाजूंनी फूटभर मोठा ठेवला. तळाला सहा इंच बारीक खडी पसरून सपाट केली. एका कोपऱ्यात भोके पाडलेला सहा इंची पाइप उभा गाडला, तो थेट खडीच्या तळापर्यंत जातो. त्यात काठी सोडली की जमिनीत पाणी किती आहे ते कळते आणि गरज पडल्यास छोटा पंप सोडून ते बाहेर काढता येते. हौदात फूटभर पाणी, की बाहेर फूटभर खडी, असे दोन्ही बरोबरीने भरीत वर आलो. आतले पाणी पुढे गेले तर भिंत बाहेर फुगते, खडी पुढे गेली तर आत दबते. शेवटी वरच्या कडेला काँक्रीटचा पट्टा ओतून हौद बांधून घेतला आणि गढूळ पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या बाजूला चर खणला.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हापासून आमचा नियम एकच. पावसाळ्यात हौद कधीही रिकामा करायचा नाही. पाणी खराब झाले तर फिल्टर चालवायचा, गाळ तळातून ओढून काढायचा, औषध घालायचे, पण पाणी आतच राहिले पाहिजे. फारच गरज पडली तर एप्रिल-मेमध्ये, विहीर तळाला गेली असताना, उभ्या पाइपात काठी सोडून पाहून, कंपनीच्या माणसाला बोलावून आणि आतून टेकू देऊनच रिकामा करायचा. २०२० चा बहुतेक हंगाम टाळेबंदीत गेला, पण हौद जागेवर राहिला. आजपर्यंत तो बोटभरही हललेला नाही.

चालू खर्च

पूल फायबरग्लासचा असो की काँक्रीटचा, एक अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालला तर सहा युनिट वीज जाते, महिन्याला १८०. लूमवाल्यांना हे गणित समजावायला नको. उन्हाळ्यात आमच्या मापाच्या हौदातून उन्हाने रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी उडते, म्हणजे महिन्याला तीन हजार लिटर. गावात पाण्याची टंचाई असेल तर शेजाऱ्याच्या घागरीचा विचार करूनच हौद घ्यावा. वापरात नसताना वर आच्छादन घातले तर हा तोटा पुष्कळ कमी होतो. चहूबाजूंनी निदान चार फूट उंच जाळी आणि कुलूप लावावे. लहान मूल एवढ्याशा पाण्यातही बुडते आणि त्या नुकसानीची भरपाई कोणत्याही वहीत होत नाही.

कारागिरांसाठी दोन शब्द

आमचा हौद ज्याने दुरुस्त केला तो कुर्ल्याचा तरुण पूर्वी रिक्षांचे फायबरचे भाग बनवीत असे. त्याच्या हातात सफाई होती आणि त्याला कामाची ददात नव्हती. पूल वाढतील तशी दुरुस्तीही वाढेल. हे काम शिकू पाहणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेझिनच्या वाफा बंद जागेत डोक्यात जातात, म्हणून हवा खेळती ठेवावी, नीट मास्क व हातमोजे वापरावेत. रेझिन घट्ट करणारे हार्डनर आणि कोबाल्ट ही दोन्ही द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे घालावे. आणि ओल्या पृष्ठभागावर काम करू नये, थर धरत नाही.

बयाणा देण्यापूर्वी

एक, जवळच्या विहिरीचे पाणी भर पावसात किती वर येते ते जुन्या माणसाला विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. दोन, पाइप आणि दिव्यासाठी हौदाला भोक पाडतात तेव्हा निघणारी चकती मागून घ्या. ती म्हणजे आपल्या कापडाची कात्रण. तिच्यात जाडी, काचेचे थर, आत राहिलेले हवेचे बुडबुडे, सगळे दिसते. तीन, जेलकोटच्या मागे व्हिनायल एस्टर रेझिनचा थर आहे का ते विचारा आणि जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या. फोडांपासून तोच वाचवितो. चार, भाडे, क्रेन, खडी आणि फरशी धरून एकूण आकडा मागा. पाच, ग्रामपंचायतीत आणि नगररचना खात्यात परवानगीची चौकशी आधी करा. सहा, हमीचा कागद कोणत्याही भाषेत असो, घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या.

आमचे मत विचाराल तर असे. जमीन उंचावर आहे, पाण्याचा निचरा होतो, हौद मध्यम आकाराचा हवा आहे आणि हंगाम गाठायचा आहे, त्याने फायबरग्लास जरूर घ्यावा. माल वाईट नाही. जागा सखल आहे, पावसात पाणी वर येते किंवा मोठा, मनासारख्या आकाराचा हौद हवा आहे, त्याने काँक्रीटकडे वळावे आणि थोडा धीर धरावा.

ते शेजारचे काका आजही येतात. गेल्या पावसाळ्यात उभ्या पाइपात काठी सोडून त्यांनी स्वतःच पाणी मोजले आणि म्हणाले, "शेठ, अडीच फूट हाय. राहू द्या भरलेला." आम्ही तो भरलेलाच ठेवला.